गोंगाट कशास म्हणावे?

जुन्नर तालुक्यातील खोडद या गावी जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, ती राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्ताने, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, सर्व लोकांस पाहावयास खुली ठेवण्यात येते. आमचे मूळ घर जुन्नरास. नारायणगावच्या बाजूस जाता-येता शेतांतून डोके वर काढून उभ्या असलेल्या त्या जाळीदार तबकड्या आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे पाहत आलो आहो. परंतु जी वस्तू घराजवळ असते ती पाहावयास सहसा कोणी जात नाही, या न्यायाने त्यांच्यापाशी जाण्याचा योग आम्हांस अगदी अलीकडेपर्यंत आला नव्हता. अखेर दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने आम्हांस जवळजवळ ओढूनच नेले. दाराशीच मोबाईल फोन बंद करावयास लाविले. आत एका मंडपात एक विद्यार्थी लहानसा ध्वनिक्षेपक घेऊन बसला होता व येईल त्यास 'वेला' नावाच्या स्पंदक ताऱ्याचा आवाज ऐकवीत होता. हा तारा स्वतःभोवती सेकंदास सुमारे अकरा वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत त्याचा रेडिओझोत दीपगृहाच्या झोतासारखा पृथ्वीवरून जातो. त्या झोतांचे ध्वनीत रूपांतर केले म्हणजे कोणी घाईघाईने दार ठोठावीत असल्यासारखी टकटक ऐकू येते. मात्र ती टकटक एका अखंड खरखरीत बुडालेली होती. आम्ही त्या विद्यार्थ्यास म्हणालो, "ही खरखर तेवढी काढून टाकून नुसता तारा ऐकवता येणार नाही का?" तो हसून म्हणाला, "काका, त्या खरखरीत आमच्या यंत्राचा वाटा आहेच. पण पुष्कळशी खरखर म्हणजे आकाशच आहे."

हे उत्तर आमच्या डोक्यातून काही केल्या जाईना. मागाहून पाहता असे दिसून आले की, रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्मच मुळी एका नकोशा खरखरीतून झाला आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्यास १९३० च्या सुमारास एक रूक्ष काम नेमून दिलेले होते: अटलांटिकपलीकडे रेडिओवरून जे दूरध्वनी चालत, त्यांत व्यत्यय आणणारी खरखर कोठून येते ते शोधून काढणे. त्यास तीन प्रकारची खरखर आढळली. एक जवळच्या वादळांची, दुसरी दूरच्या वादळांची, आणि तिसरी मंद, एकसारखी, कोणत्याच वादळाशी संबंध नसलेली. ही तिसरी आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येत आहे, हे त्याने १९३३ साली जाहीर केले. पहिल्या दोन खरखरींची कारणे कळताच त्याचे नेमलेले काम बहुतेक संपले होते. तिसरीपाशी तो थांबला, एवढीच काय ती त्याची थोरवी. आज खोडदच्या परिसरात गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हीच तिसरी खरखर ऐकत बसल्या आहेत. त्यांतील १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने असून उरलेल्या १६ तीन दिशांस दूरवर पसरलेल्या आहेत. २०२३ च्या जूनमध्ये अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी, अशाच स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरक वर्षानुवर्षे मोजून, विश्वभर एक अतिमंद गुरुत्वीय गुंजन चालू असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. त्यांच्या सामग्रीत या आमच्या खोडदच्या नोंदीही होत्या.

असो. आम्हांस सांगावयाचे आहे ते खगोलाविषयी नव्हे, कानांविषयी.

परत येताना पुतण्याने गाडीतील यंत्रावर काहीतरी लाविले. इंजिनात बिघाड झाला असे समजून आम्ही त्यास गाडी बाजूस घ्यावयास सांगितले. तो म्हणाला, "काका, हे फिनलंडचं संगीत आहे." आमचा हा पुतण्या पुण्यास अभियंता असून शहाणासुरता आहे. नोकरीत चोख, वडिलधाऱ्यांशी नम्र. परंतु त्याच्या कपाटात भीमसेन जोशींच्या शेजारी फिनलंडहून टपालाने आलेल्या ध्वनिफितींची एक रांग आहे, आणि वर्षातून तीन-चार वेळा तिच्यात नवी भर पडते. तेथील काही मंडळी थोड्याशा प्रती काढून, वेष्टने पुष्कळदा हातांनीच घडवून, आपापसांत व जगभरच्या मूठभर शौकिनांत या फिती वाटतात-विकतात. या प्रकारास ते सरळ 'नॉइज' असेच म्हणतात. म्हणजे आपण ज्यास हिणवून गोंगाट म्हणतो तेच नाव त्यांनी आपण होऊन धारण केले आहे. पत्र्याच्या तुकड्यास स्पर्शध्वनिग्राहक चिकटवावयाचा, तो पत्रा घासावयाचा, वाकवावयाचा, आणि त्यातून निघेल तो आवाज एकामागून एक यंत्रांतून फाडीत न्यावयाचा. सभेत माईक कोकलला म्हणजे आपण कानांवर हात ठेवतो; ती किंकाळी हे लोक मुद्दाम उत्पन्न करितात आणि तिला तासभर वळविीत बसतात.

हे खूळ कालचे आहे असेही नाही. रुसोलो नावाच्या इटालियन चित्रकाराने गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा १९१३ सालीच काढला होता. फिनलंडात एर्की कुरेन्निएमी याने १९६० नंतरच्या दशकात हेलसिंकी विद्यापीठाच्या संगीतशास्त्र विभागात विद्युत्संगीताची कार्यशाळा थाटली आणि पुढे स्वतःच्या रचनेची विद्युद्वाद्ये बनविली. १९९३ मध्ये तुर्कू शहरी 'पॅन सॉनिक' ही मंडळी एकत्र आली. त्यांच्यातील मिका वैनिओ २०१७ साली वारला. त्यांचा २००४ सालचा 'केस्तो' नावाचा चार तबकड्यांचा संग्रह आहे. त्याची शेवटची तबकडी म्हणजे तासाभराचा एकच अखंड आवाज असून त्यास त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'प्रारण' असा आहे, हे ऐकून खोडदहून नुकतेच परतलेल्या आम्हांस थोडी मौज वाटली.

आम्ही ती तबकडी ऐकली. पुतण्याची अट एवढीच होती की, मध्ये उठावयाचे नाही. पहिली दहा मिनिटे आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. पुढची दहा मिनिटे आम्हांस राग येत होता. कशाचा ते सांगता येत नाही, कारण आवाज कर्कश नव्हता, तो नुसता काहीच करीत नव्हता. त्यानंतर केव्हातरी आमच्या ध्यानात आले की, ज्यास आपण एकच आवाज समजत होतो त्याच्या आत थर आहेत, त्यांतील एखादा सावकाश वर येतो व दुसरा खाली जातो, आणि आपला कान त्यांच्यामागून चालला आहे. हे आवडले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ऐकू आले, एवढे मात्र खरे.

आता कोणी म्हणेल की, ही सर्व पाश्चात्त्यांची विकृती. आपल्याकडे संगीत म्हणजे रंजन. तर तेही तितकेसे सरळ नाही. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात आहत व अनाहत असे नादाचे दोन प्रकार सांगून, अनाहत नाद योग्यांस मुक्ती देणारा असला तरी त्यात रंजकता नसल्यामुळे तो लोकांच्या मनास रिझवीत नाही, असे त्याने स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे जो नाद सर्वांत श्रेष्ठ तोच रंजक नाही. (फिनलंडातील पत्रा घासणे म्हणजे अनाहत नाद, असे आमचे म्हणणे आहे अशी कृपा करून कोणी समजूत करून घेऊ नये.) उलट युरोपात हेल्महोल्ट्झ या थोर शास्त्रज्ञाने १८६३ साली सांगितले की, ज्या ध्वनीची कंपने नियमित ती स्वर, आणि ज्याची अनियमित तो गोंगाट. ही व्याख्या प्रयोगशाळेत उत्तम चालते. घरात चालत नाही. शेजाऱ्याने पहाटे पाच वाजता सुरेल वाजविलेली बासरी तिच्या मते स्वर ठरते, आणि उन्हाळ्यानंतरची पहिली सर कौलांवर वाजते तो गोंगाट ठरतो.

आपल्या भाषेने हा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविला आहे, व ती रीत आम्हांस फार उद्बोधक वाटते. मराठीत मोठ्या आवाजास केवढे शब्द आहेत! वारकऱ्यांचा गजर, तोफांचा गडगडाट, बाजारातील गलका, पोरांचा गोंगाट, बायकांचा कलकलाट, हलगीचा कडकडाट, सभेतील गदारोळ. आता तीनशे टाळकरी आणि पाचपंचवीस मृदंग यांचा आवाज बाजारातील गलक्याहून कमी असतो काय? मुळीच नाही. पण त्यास गलका म्हणण्याचे धैर्य कोणास होणार नाही. चार बायका पाणवठ्यावर बोलल्या तर तो कलकलाट, आणि चार पुरुष पारावर बोलले तर ती चर्चा. हे शब्द ध्वनीचे मोजमाप करीत नाहीत. बोलणारा कोठे उभा आहे, कोणास तो आपला म्हणतो व कोणाचे ऐकून घेण्याची त्यास गरज वाटत नाही, हे ते सांगतात.

आमच्या घराचीच गोष्ट सांगतो. ती सांगताना संकोच होतो, पण हा लेख लिहावयास घेतला तो पुष्कळसा तिच्यासाठीच.

जुन्नरहून नारायणगाव चार-पाच कोस. नारायणगाव ही तमाशाची राजधानी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच आपापल्या यात्रेसाठी सुपारी द्यावयास येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड तेथला, आणि भाऊंची कन्या विठाबाई तेथलीच. १९५७ व १९९० साली ज्यांस राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले, त्या विठाबाई आमच्या घरापासून एका सकाळच्या वाटेवर राहत होत्या. आमच्या आजोळच्या यात्रेत त्यांच्यासारख्यांचे फड येत. रात्री ढोलकी-हलगी कडाडू लागली म्हणजे आमचे वडील उठून रस्त्याकडील खिडक्या लावून घेत आणि म्हणत, "झाला यांचा गोंगाट सुरू." ते वाईट गृहस्थ नव्हते. बालगंधर्वांची पदे ते डोळे मिटून म्हणत. परंतु हलगी ऐकण्याची वस्तू आहे हे त्यांच्या मनात कधी आलेच नाही; आणि मुलांच्या मनात ते कोण घालणार? हलगी वाजविणारे हात कोणत्या जातींचे, हे घरात कोणी बोलून दाखवीत नसे. ते खिडकीच्या लावण्यातच सांगून होत असे. तमाशावर सरकारची बंदी आली, मग सुधारणेसाठी समिती नेमण्यात आली, या वादांत आमच्या वडिलांचे मत काय होते ते आम्हांस ठाऊक नाही. घरातील बंदी मात्र कोणत्याही समितीने उठविली नाही.

पुढे आम्ही पुण्यास आलो, शिकलो, लोककलेवर व्याख्याने ऐकली, इतकेच नव्हे तर एक-दोन दिलीही. तरीसुद्धा नारायणगावास उतरून विठाबाईंस प्रत्यक्ष ऐकावे असे आमच्या हातून घडले नाही. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार ठेविला. आता आम्ही ध्वनिमुद्रणे लावून ऐकतो. हलगीच्या त्या कडकडाटात किती निरनिराळे बोल आहेत. टिपरू आणि बोटे यांचे आवाज कसे वेगळे पडतात. झीलकरी वरच्या पट्टीत धरलेला सूर कसा सोडीत नाहीत, तुणतुणे त्या सर्वांच्या खाली कसे एकसारखे चालू असते, हे साठीनंतर कळून काय उपयोग? ज्या गोष्टीस आम्ही गोंगाट म्हटले, ती गोष्ट आमच्यासाठी थांबली नाही. आणि ध्वनिमुद्रणात यात्रेची रात्र येत नाही.

म्हणून पुतण्या त्या फिनलंडच्या फिती लावितो तेव्हा त्याची चेष्टा करण्याचा अधिकार आम्हांस उरला आहे असे वाटत नाही.

परंतु येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो, व तो पहिल्याहून अवघड आहे. जे जे आम्हांस गोंगाट वाटते ते ते आमच्याच कानाचे पाप, असे एकदा मान्य केले म्हणजे मग कोणत्याही गोंगाटास 'पुरे' म्हणता येणार नाही. मंचरास आमच्या धाकट्या बंधूंचे घर हमरस्त्यावर आहे. तेथे आमच्या आत्या असतात. वय सत्त्याऐंशी, हृदय दुबळे. गतवर्षी गणेशविसर्जनाच्या रात्री एका मंडळाची मिरवणूक त्या घरासमोर तासभर अडकली. ट्रकवर माणसाहून उंच ध्वनिक्षेपकांची भिंत रचलेली होती. ज्यांनी तो अनुभव घेतला नसेल त्यांस तो सांगणे कठीण. तेथे ध्वनी कानांनी ऐकावा लागत नाही, तो बरगड्यांत शिरतो. मांडणीवरची भांडी सरकू लागली. आत्या पलंगाची कड धरून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

आम्ही खाली गेलो. एका पोरास हाताने खूण करून बाजूस घेतले व कानाशी ओरडून सांगितले की, वर म्हातारे माणूस आहे, थोडे कमी करा. तो उर्मटपणे बोलला असता तर बरे झाले असते. पण तो अगदी अदबीने बोलला. म्हणाला, "काका, वर्षातनं एकदाच आहे. आणि तुमच्या आळीत कार्तिकात पहाटे चारला भोंग्यावर काकडा लागतो, तेव्हा आमची आजी पण झोपलेली असती की." त्यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. कायदा आम्हांस ठाऊक होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे, आणि सणावारी राज्य सरकारने सूट दिली तरी ती वर्षातून पंधरा दिवस व मध्यरात्रीपर्यंतच. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट सांगितले आहे की, बोलण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्यास बळाने ऐकावयास लावण्याचा हक्क नव्हे. पण हे सर्व त्या काकड्यासही लागू होते. आणि त्याविषयी आम्ही आजपर्यंत एक अक्षर काढलेले नव्हते. त्यास आम्ही भोंगा म्हणत नव्हतो, काकडा म्हणत होतो.

वर येऊन पाहतो तो पुतण्या आत्यांपाशी बसलेला. हा गृहस्थ दहा मिनिटांपूर्वी त्याच मिरवणुकीत नाचत होता हे आम्ही स्वतः पाहिले होते, आणि त्याबद्दल तो मागाहूनही शरमला नाही. त्याचे म्हणणे असे की, त्या ट्रकवरचा खालचा ठोका आणि त्याच्या फिनलंडच्या मंडळींचा ठोका यांत ध्वनी म्हणून अस्पृश्यतेचे असे काही नाही; दोन्ही अंगात शिरतात, दोन्ही त्यास आवडतात. त्याने आत्यांस मागच्या खोलीत नेले, दार लावले, आपली ती मोठी कर्णयंत्रे काढून दाखविली आणि विचारले, "आजी, हे कानावर लावू? आत वेगळा आवाज आहे. नको वाटला तर काढून टाक." त्यांनी मान हलविली. त्याने लाविलेली फीत त्याच महिन्यात आलेली होती; तिच्यात पहिल्यापासून अखेरपर्यंत एक जाड, खालचा घरघराट आहे, दुसरे काही नाही. तो त्याने अगदी हळू ठेविला.

बाहेरचा ट्रक हलेपर्यंत आत्या तशाच बसून होत्या. हळूहळू त्यांचा हात पलंगाच्या कडेवरून सुटला. कर्णयंत्रे काढल्यावर त्या म्हणाल्या, "आंबेगावात नदीला लोंढा आला की रात्रभर असंच वाजायचं." मग थोड्या वेळाने, "किती वर्षांनी ऐकलं!"

आत्यांचे सासर जुन्या आंबेगावचे. ज्या गावाने तालुक्यास आपले नाव दिले, ते घोडनदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. नदी आहे, पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे. परंतु तो आवाज गेला. जलाशय वाजत नाही. पावसाळ्याच्या रात्री पुराची घरघर ऐकत ज्यांनी संसार केला, त्यांस ती निवाऱ्याची खूण होती की भीतीची, हे आम्ही आत्यांस विचारले नाही. त्या घरघरीची नक्कल युरोपच्या उत्तर टोकाकडील कोणा अनोळखी माणसाने, आंबेगावचे नावही न ऐकता, आपल्या खोलीत बसून केली होती.

या रात्रीपासून आम्ही या प्रश्नाकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहो. एकाच घरात, एकाच वेळी, भिंतीच्या अलीकडे व पलीकडे दोन गोंगाट चालू होते. दोहोंत कंपने अनियमित, दोहोंत राग नाही, ताल असला तरी एकातच. एकाने त्या वृद्धेचा जीव घाबरा केला, दुसऱ्याने तिला गमावलेले गाव क्षणभर परत दिले. भेद आवाजाच्या पातळीचा होता, हे तर उघडच; परंतु तेवढ्याने भागत नाही, कारण काकड्याचा भोंगा त्या ट्रकाहून कितीतरी लहान असतो आणि तरीही त्या पोराची आजी जागी होते. पुतण्याने 'लावू का?' असे विचारले होते, आणि ती यंत्रे कानांवरून काढून ठेवणे आत्यांच्या हाती होते. विठाबाईंच्या फडातील प्रेक्षकास कनातीबाहेर जाता येत होते, आणि आमच्या वडिलांस खिडकी लावता येत होती. ती खिडकी लावणे हा अन्याय असेल, पण तो हलगीने त्यांच्यावर केलेला नव्हता, त्यांनी हलगीवर केलेला होता. ट्रकासमोरच्या घरास लावावयास खिडकी उरत नाही. डोळ्यांस पापण्या आहेत, कानांस नाहीत. म्हणून दिसण्यापेक्षा ऐकविण्यात जुलूम अधिक सोपा आहे. ज्या रुसोलोचा उल्लेख वर आला, त्याच्या पंथातील मंडळी गोंगाटावर प्रेम करता करता युद्धाच्या गर्जनेवर भाळली, हेही विसरता कामा नये. फिनलंडच्या त्या फितींपैकी काहींची वेष्टने अशी असतात की, ती आम्ही घरात मांडून ठेवू देणार नाही. पुतण्याही ती ठेवीत नाही. दुसऱ्यास दडपण्याची हौस आणि अनोळखी ध्वनी ऐकण्याची हौस या एकाच मांडवात शेजारी शेजारी बसलेल्या आढळतात, आणि त्यांची चेहरेपट्टीही सारखी असते.

मग काय, शांतता हा सर्वांचा निर्विवाद हक्क, असे म्हणून मोकळे व्हावे? आम्हांस तसे वाटू लागले होते. पण पुन्हा खोडदचाच विचार मनात आला. त्या तबकड्यांस ऐकू यावे म्हणून भोवतालच्या मुलखाने रेडिओच्या दृष्टीने शांत राहावयाचे असते. पुणे–नाशिक रेल्वे नारायणगावावरून जावी अशी या भागाची जुनी मागणी. दुर्बिणीस व्यत्यय येईल या कारणाने तो मार्ग बदलण्याचे २०२४–२५ च्या सुमारास सांगण्यात आले, आणि जुन्नर-आंबेगावचा शेतकरी नाराज झाला. टोमॅटो-कांद्याच्या गोणी घेऊन हमरस्त्यावरील वाहनांच्या रांगेत रात्र काढणाऱ्यास, आठ-नऊ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनाची कुजबुज ऐकण्यासाठी तुझी आगगाडी दुसरीकडून नेतो, असे सांगणे सोपे नाही. आम्ही त्या दुर्बिणीचे पक्षपाती आहो. तरी शांततेचाही कोणीतरी पैसा भरत असतो, एवढे कबूल केले पाहिजे.

जुन्या काळी तो कोणी भरला हे आमच्या जुन्नरच्या डोंगरांत कोरून ठेविलेले आहे. नाणेघाटातून चढून येणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर, गावाभोवतालच्या कड्यांत बौद्ध भिक्षूंची लेणी दोनशेंहून अधिक आहेत. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात भर दुपारी उभे राहिले म्हणजे आपला श्वाससुद्धा मोठा वाटतो. या लेण्यांस दाने देणाऱ्यांची नावे शिलालेखांत आहेत, आणि त्यांत धान्याचे व्यापारी, बुरूड व कासार यांच्या श्रेणी आहेत. कासार! ज्यांच्या आळीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ठोक्याशिवाय दुसरे काही ऐकू येत नसेल, त्यांनी आपल्या कमाईतून दुसऱ्यांच्या मौनासाठी दान दिले. त्यांस ते कोणी बळाने द्यावयास लाविले असेल असे वाटत नाही. आणि त्या भिक्षूंनीही कासारआळी बंद करा असा आग्रह धरल्याचे कोठे कोरलेले नाही. ते आपण होऊन डोंगरात चढून गेले.

आमच्या आळीतील काकड्याचा भोंगा गेल्या कार्तिकात आम्ही विश्वस्तांस भेटून देवळाच्या आत वळवून घेतला. यास दोन बैठका लागल्या व एका जुन्या स्नेह्याने आमच्याशी बोलणे सोडले, ते अद्यापि सुरू झालेले नाही. त्यानंतरच आम्हांस मंचरच्या मंडळाच्या पोरांकडे तोंड वर करून पाहता येऊ लागले. यंदा श्रावण संपता संपता ती पोरे वर्गणीस आली. त्यांत तो अदबीने बोलणाराही होता. वर्गणी दिली, चहा झाला. मिरवणूक घरासमोरून न थांबता जाईल व तेवढ्या टप्प्यात नुसता ढोल वाजेल, असे ठरले. ते पाळले जाते की नाही ते चतुर्दशीस कळेल. उठता उठता त्याने विचारले, "आजी गेल्या वर्षी कानाला लावून काय ऐकत होत्या? हा सांगत होता कायतरी." पुतण्याने कर्णयंत्रे आणून त्याच्या डोक्यावर चढविली. तो ओट्यावर बसला. दोन मिनिटांनी एका कानावरचे बाजूस करून म्हणाला, "ह्यात ठेका कुठाय?"

"थांब," पुतण्या म्हणाला. "ऐक अजून."

बाकीची पोरे पावतीपुस्तक घेऊन पुढच्या घरी गेली. तो बसून राहिला. त्याचे डोळे मिटलेले होते. तो ऐकत होता की त्यास डुलकी लागली होती, हे आम्हांस निश्चित सांगता येत नाही.